लाईट गेली की घरातला चोर-अलार्म का वाजतो? कारण शोधण्याची आणि दुरुस्तीची पूर्ण पद्धत

रोहिणी लागल्या की आमच्याकडे संध्याकाळी तापीच्या अंगाने धुळीचा लोट उठतो, केळीची पानं चिरफाळतात आणि वारा सुटल्यावर पाच-दहा मिनिटांत लाईट जाते. पाठोपाठ कॉलनीत कुठल्यातरी बंद घराचा भोंगा सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजतो, आणि पलीकडचं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, लाईट गेली की वाजत बसतो, तेवढा काढूनच टाका." फोन धुळ्या-अमळनेराकडचा असला तर, "लाईट गयी का भोंगा वाजस, काय करू?"

जळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत घरांचे आणि दुकानांचे अलार्म बसवणं, दुरुस्त करणं हे माझं काम. काढून टाका म्हटलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण लाईट गेल्यावर वाजणारा अलार्म क्वचितच बिघडलेला असतो. बहुतेक वेळा त्याची बॅटरी संपलेली असते आणि तेच तो ओरडून सांगत असतो. साधारण हजार रुपयांच्या आसपासच्या बॅटरीपायी लोक वीस-पंचवीस हजारांची यंत्रणा बंद करून ठेवतात. तीही ऐन लग्नसराईत, घराला कुलूप लावून सगळी मंडळी चार दिवस गावाला जाणार असतात तेव्हा. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. घरात एक साधा मल्टिमीटर असेल आणि एमसीबी कुठे आहे हे माहीत असेल, तर यातलं निम्म्याहून जास्त काम तुम्ही स्वतः करू शकता.

सगळ्यात आधी: रात्री अंधारात भोंगा वाजला तर

दुरुस्तीचं नंतर बघू. पहिल्यांदा खिडकीतून बाहेर बघा. सगळी गल्ली अंधारात आहे का? समोरच्यांचा दिवा, रस्त्यावरचा खांब, मागच्या बाजूचं दुकान, सगळं बंद असेल तर लाईट खरोखर गेली आहे आणि अलार्म त्यामुळेच वाजला असण्याची शक्यता मोठी आहे. पण शेजारी उजेड असेल आणि फक्त तुमच्याच घरात अंधार असेल, तर दार उघडू नका. आपल्याकडे मीटरची पेटी बहुतेक घरांत बाहेर असते, ओट्यावर किंवा कंपाउंडच्या भिंतीला. बाहेरून कोणीही मेन स्विच पाडू शकतो, आणि घरातला माणूस काय झालं ते बघायला बाहेर येईल याची वाट बघत थांबू शकतो. आतूनच शेजाऱ्याला फोन करा, शंका वाटली तर ११२ लावा.

दुसरी गोष्ट, कीपॅडवर कोणता झोन (म्हणजे नंबर दिलेला घराचा भाग, एखादं दार किंवा खोली) लागला आहे ते बघा. मागच्या दाराचा किंवा गच्चीच्या दाराचा नंबर एकटाच दिसत असेल तर "लाईटीमुळे वाजला असेल" असं समजून झोपू नका. लाईटीमुळे वाजतो तेव्हा बहुधा एकाच वेळी दोन-तीन झोन पडलेले दिसतात, नाहीतर झोन कोणताच नसतो आणि नुसता बॅटरीचा दोष दाखवलेला असतो. खात्री झाल्याशिवाय रिमोटने बंद करायची घाई करू नका.

लाईट जाते तेव्हा पेटीच्या आत काय होतं

भिंतीवर लोखंडी किंवा प्लॅस्टिकची जी पेटी असते तिला आपण पॅनल म्हणतो. घरातला २३० व्होल्टचा करंट आत शिरला की एक छोटा ट्रान्सफॉर्मर तो १६ ते १८ व्होल्टपर्यंत उतरवतो, पुढे त्याचा डीसी होतो आणि साधारण १३.६ ते १३.८ व्होल्टवर तो दोन कामं करतो: सेन्सर, कीपॅड, सिमकार्डचं युनिट यांना चालवतो आणि खाली ठेवलेल्या बॅटरीला चार्ज करतो. ही बॅटरी बहुतेक पॅनलांत १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे किती करंट किती तास देईल त्याचं माप) असते. सीलबंद, शिशाची, हातात धरल्यावर वजनदार लागणारी.

सगळं ठीक असेल तर लाईट गेल्यावर काहीच वाजत नाही. कीपॅडवरचा मेनचा दिवा जातो, काही पॅनल थोड्या वेळाने बारीक बीप देतात, एवढंच. त्यामुळे मोठा भोंगा वाजला म्हणजे या साखळीत कुठेतरी एक कडी कच्ची आहे, हे धरूनच चाला.

आता तो वाजतोच का? गप्प का बसत नाही? चोराने वायर कापली, करंट तोडला, तरी आवाज झालाच पाहिजे, अशी त्याची बांधणीच केलेली असते. दार-खिडकीचे आणि हालचाल ओळखणारे बहुतेक वायरवाले सेन्सर "वाट बंद म्हणजे सगळं ठीक" या हिशोबाने जोडतात. हालचालीच्या सेन्सरच्या आत एक छोटी रिले (करंटवर चालणारा स्विच) असते. करंट मिळतोय तोवर ती संपर्क मिटून धरते. व्होल्टेज फार खाली गेलं की तिचा जोर संपतो आणि संपर्क उघडतो. पॅनलच्या लेखी संपर्क उघडणं आणि घरात माणूस शिरणं यात काहीच फरक नाही. बाहेरच्या भिंतीवरच्या काही सायरनमध्ये तर स्वतःची वेगळी छोटी बॅटरी असते. पॅनलकडून येणारं व्होल्टेज थांबलं की कोणाचाही हुकूम न घेता तो स्वतःच वाजू लागतो. गावात लाईट नाही आणि पॅनलची बॅटरी मेलेली, ही स्थिती त्या सायरनला वायर कापल्यासारखीच दिसते. तो बरोबरच वागत असतो.

बॅटरी इथे लवकर का मरते

शिशाच्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य तीन ते पाच वर्षं सांगतात ते साधारण २५ अंशांच्या हवेसाठी. त्यापुढे तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यात पॅनल बसवलेलं असतं जिन्याखाली, माळ्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत, कारण "दिसायला बरं दिसत नाही." बंद पेटी, आत ट्रान्सफॉर्मरची ऊब, वर पत्रा. माझ्या पाहण्यात अशा जागी बॅटरी दोन उन्हाळे काढते, तिसऱ्याला धाप लागते. पॅनल घरातल्या सर्वांत गार खोलीत, आतल्या भिंतीवर हलवणं हा खर्च एकदाच होतो आणि तो मी नेहमी सुचवतो.

दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. पॅनलचा चार्जर जाणूनबुजून हळू चार्ज करणारा असतो, बहुधा अर्धा अँपिअरच्या आसपास. बॅटरी पूर्ण उतरली तर ती भरायला चोवीस तासही लागू शकतात. रोज तीन-चार तास लाईट जात असेल आणि मध्ये व्होल्टेजही कमी असेल, तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट उतरलेली शिशाची बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर खडे धरतात आणि तिची करंट साठवण्याची ताकद कायमची कमी होते. ७ एएच लिहिलेली बॅटरी आतून २ एएचची उरलेली मी अनेकदा पाहिली आहे.

हिशोब करून बघा. साधं पॅनल, कीपॅड, चार सेन्सर आणि सिमचं युनिट मिळून साधारण ०.३ अँपिअर घेतात. ७ ला ०.३ ने भागलं की २३ तास येतात, प्रत्यक्षात सोळा-सतरा धरा. तीच बॅटरी २ एएचची उरली असेल तर पाच तासही टिकणार नाही. वादळाने झाड तारांवर पडलं, डीपी उडाली, तर आपल्याकडे पाच तासांत लाईट येईलच असं नाही.

पायरी पहिली: कधी वाजतो ते कागदावर लिहा

मी कुठल्याही घरी गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि निम्मं निदान इथेच होतं. लाईट गेल्यावर किती वेळाने वाजला? का लाईट आल्यावर वाजला?

लाईट गेल्या क्षणी वाजत असेल तर पॅनलला बॅटरीचा आधार शून्य आहे. बॅटरी पूर्ण मेलेली, तिची वायर निसटलेली किंवा तिच्या ओळीतला काचेचा फ्यूज उडालेला. एका घरी तर बॅटरीच नव्हती. मुलाने ती स्कूटरच्या दिव्याला लावून पाहायला काढली होती आणि परत ठेवायची राहून गेली होती.

अर्ध्या तासाने, दोन तासांनी, पहाटे पहाटे वाजत असेल तर बॅटरी आहे पण दमलेली. व्होल्टेज हळूहळू उतरतं, मग सगळ्यात लांबच्या सेन्सरची रिले आधी सुटते. म्हणून अशा घरांत पहिला झोन बहुतेक वेळा मागच्या खोलीचा किंवा गच्चीचा पडतो, तरी रात्री एकटाच झोन दिसला तर वर सांगितलेली खात्री आधी कराच. लांब पडलेल्या बारीक वायरमध्येही व्होल्टेज खर्च होतं. ०.२२ चौरस मिलिमीटरची वायर तीस मीटर लांब नेली आणि तिच्यावर ०.१ अँपिअर भार असला, तर जाऊन-येऊन जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. बॅटरी भरलेली असताना हे जाणवत नाही, उतरली की तोच अर्धा व्होल्ट नडतो.

लाईट परत आल्यावर वाजत असेल तर बहुधा बॅटरी मधल्या काळात पूर्ण संपून पॅनल बंद पडलेलं असतं. करंट आला की ते पुन्हा उठतं, आणि बरीच पॅनल आधी ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत उठतात, म्हणजे आर्म (पहाऱ्यावर चालू) केलेली. पण हालचालीच्या सेन्सरला जागं व्हायला तीस सेकंद ते एक मिनिट लागतं. तेवढ्या वेळात त्याचा संपर्क उघड-मीट होतो आणि पॅनल त्याला चोर समजतं. काही पॅनलांमध्ये करंट आल्यावर थोडा वेळ झोनकडे दुर्लक्ष करण्याची सोय असते. बसवणाऱ्याकडून ती चालू करून घ्या.

लाईट पूर्ण जात नाही, नुसती लुकलुकते, पंखा मंद-जोरात होतो आणि तेव्हा वाजतो, असं असेल तर व्होल्टेज, न्यूट्रल आणि इन्व्हर्टरकडे बघावं लागेल. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पायरी दुसरी: आवाज ओळखा

दर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी येणारा एकच बारीक टूं हा अलार्म नाही. तो कीपॅड "मेन गेली" किंवा "बॅटरी कमी" असं सांगतोय. कीपॅडवर पिवळा दिवा किंवा पान्याचं चिन्ह दिसेल. सिमवाल्या वायरलेस संचात मेन गेल्याचा मेसेज मोबाईलवर येतो, तोही चोरीचा नव्हे. मेसेज नीट वाचून मगच पुण्या-मुंबईच्या मुलांना फोन करा.

पायरी तिसरी: बॅटरीची खरी परीक्षा

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. लाईट चालू असताना बॅटरीवर मल्टिमीटर लावला की १३.६ दाखवतो आणि माणूस म्हणतो बॅटरी ठणठणीत आहे. तो आकडा चार्जरचा आहे, बॅटरीचा नाही.

बरोबर पद्धत अशी. दिवसा, शेजारी-पाजारी सांगून ठेवा. अलार्म डिसआर्म करा. पॅनल ज्या लाईनवर आहे तिचा एमसीबी पाडा, आणि पॅनल इन्व्हर्टरच्या लाईनवर असेल तर तिथूनही करंट तोडा. टेस्टरने खात्री करा. पेटीच्या आत ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला २३० व्होल्ट असतो, त्यामुळे ही खात्री केल्याशिवाय पेटीत हात घालायचा नाही. झाकण उघडलं की टॅम्परचा (पेटी उघडल्याची खबर देणारा) स्विच सुटतो आणि भोंगा वाजू शकतो. कीपॅडवर कोड दाबून थांबवा.

आता मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक लाल वायरला, काळं काळ्याला. वायरी काढायच्या नाहीत, पॅनल बॅटरीवर चालू राहू द्या. चांगली बॅटरी थोड्या वेळात १२.७ च्या आसपास स्थिरावते. एक तास तशीच ठेवा. तासाने साडेबाराच्या जवळ असेल तर बॅटरी चांगली. १२ च्या खाली गेली तर बदलायला झाली. शेवटी अलार्म आर्म करून मुद्दाम सायरन पाच सेकंद वाजवा आणि त्याच वेळी आकडा बघा. सायरन एकटाच अर्धा ते एक अँपिअर ओढतो. त्याच्या भाराने आकडा धाडकन दहा-अकरावर आला तर ती बॅटरी आजच काढा. बॅटरी फुगलेली दिसली, अंगाला चिरा किंवा टोकांवर पांढरट-हिरवट थर दिसला, तर मोजायचीही गरज नाही.

पायरी चौथी: बॅटरी बदलताना

जुन्या बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि एएच तेवढेच नव्या बॅटरीवर असावेत. "मोठी टाकली तर जास्त टिकेल" म्हणून १८ एएचची बॅटरी छोट्या चार्जरवर टाकू नका. तो बिचारा ती कधीच भरू शकणार नाही. पॅनलच्या पुस्तिकेत किती एएचपर्यंत चालतं ते दिलेलं असतं. दुकानात बॅटरीवरची तयार झाल्याची तारीख बघा. सहा महिने फडताळात पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नका. टर्मिनलची पात ४.८ आणि ६.३ मिलिमीटर अशा दोन रुंदींत येते. जुन्या वायरची टोपी नव्या पातीवर सैल बसली तर पुढच्या वादळात तीच वायर निसटेल, त्यामुळे टोपी पक्कडीने हलकी दाबून घट्ट करा.

एमसीबी पाडलेला असताना काळी वायर आधी काढा, मग लाल. नवी लावताना लाल आधी, मग काळी. लाल-काळं उलटं लागलं तर फ्यूज जातो, कधी पॅनलही जातं. पाना किंवा पक्कड दोन्ही टोकांना एकदम टेकू देऊ नका, ठिणगी मोठी उडते. काही पॅनल नुसत्या बॅटरीवर उठत नाहीत, मेन आल्यावरच चालू होतात, तेव्हा तिथे घाबरू नका. एमसीबी चढवला, मेनचा दिवा लागला, बॅटरीचा दोष गेला की एक पूर्ण दिवस चार्ज होऊ द्या, मग परत तीच तासाभराची परीक्षा घ्या.

बॅटरीच्या अंगावर पक्क्या शाईने बसवल्याची तारीख लिहा. जुनी बॅटरी भंगारात किंवा उकिरड्यावर टाकू नका, आत शिसं आणि तेजाब आहे. बॅटरीवाला ती परत घेतो आणि थोडे पैसेही कमी करतो.

सायरनला स्वतःची बॅटरी असेल तर तीही याच वेळी बदला. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन खात बसलेल्या सायरनची बॅटरी पॅनलच्या आधी जाते. मात्र सगळ्याच सायरनला बॅटरी नसते. साधा हूटर असेल तर ही भानगडच नाही. शिडीवर चढायचं काम असल्याने खाली शिडी धरायला माणूस हवाच.

पायरी पाचवी: कूलर, पडदे, पाली

लाईट आल्यावर वाजण्याचं खास आपल्याकडचं एक कारण आहे, आणि ते मला एका चोपड्याच्या काकूंनी दाखवून दिलं. त्यांची बॅटरी चांगली, वायरी चांगल्या, तरी लाईट आली की दोन मिनिटांत भोंगा. त्या म्हणाल्या, "अहो, लाईट आली की आधी कूलर सुरू होतो, बघा बरं." खरंच तसं होतं. हालचालीचा सेन्सर समोरून सरकणारा उष्णतेचा फरक ओळखतो. लाईट गेलेल्या तीन तासांत खोली तापून भट्टी होते. मग बटण चालूच राहिलेला कूलर सुरू होतो, गार हवेचा झोत तापलेल्या पडद्यावर आदळतो, पडदा फडफडतो, आणि सेन्सरला ते माणसासारखंच भासतं.

उपाय साधे आहेत. सेन्सर कूलरच्या, खिडकीच्या आणि पडद्याच्या समोर नको, कोपऱ्यात दोन-सव्वादोन मीटर उंचीवर हवा. घराला कुलूप लावताना कूलर आणि पंख्याची बटणं बंद करूनच निघायचं. सेन्सरची धार कमी-जास्त करायची सोय आत असते, ती एक घर कमी करून बघा. सेन्सरच्या भोकांतून मुंग्या आणि झुरळं आत जातात, पाल तर काचेवरच बसते. लाईट गेल्यावर टॉर्चच्या उजेडाला किडे जमले की पाली त्यांच्या मागे येतात. मागच्या वायरच्या भोकाला सिलिकॉन लावून बुजवा, पुढची काच कोरड्या मऊ कापडाने दर महिन्याला पुसा. धुळीचे दिवस असतील तर दर आठवड्याला.

पायरी सहावी: इन्व्हर्टर, व्होल्टेज आणि मळ्यातलं घर

घरात इन्व्हर्टर असताना पॅनल मात्र साध्या लाईनवर ठेवलेलं मी कित्येक घरांत पाहतो. पंखा-टीव्हीला बॅकअप आणि राखणदाराला नाही! वायरमनला सांगून पॅनलचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. पॅनल फार थोडी वीज घेतं. त्याच लाईनवर इंटरनेटचा राउटरही घ्या, नाहीतर मोबाईलवर येणारे इशारे लाईटीबरोबरच थांबतील.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे "यूपीएस" आणि "नॉर्मल" अशी कळ असते. यूपीएसवर बदल दहा-एक मिलिसेकंदांत होतो, नॉर्मलवर त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पॅनलची बॅटरी चांगली असेल तर हा झटका जाणवत नाही, मेलेली असेल तर तेवढ्याशा खंडातही पॅनल गचकन बंद होऊन उठतं. मात्र यूपीएसवर इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खाली गेलेली लाईन नाकारतो. ज्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज दीडशेवर येतं तिथे तो रात्रभर बॅटरीवरच चालेल आणि पहाटे झोपेल. तिथे नॉर्मलवर ठेवा आणि पॅनलची बॅटरी ताजी ठेवा.

घरातले काही दिवे एकदम प्रखर होतात आणि काही मंद, असं दिसलं तर अलार्म विसरा, ताबडतोब मेन पाडा. न्यूट्रल सुटल्याची ती खूण आहे. अशा वेळी घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि पॅनलच काय, फ्रिज-टीव्हीही जळतात. घराबाहेरच्या तारेचा दोष असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा, आतला असेल तर वायरमन बोलवा.

मळ्यातल्या घरांचं दुखणं वेगळं आहे. यावल-रावेरच्या पट्ट्यात पुष्कळ कुटुंबं शेतातच राहतात आणि काहींच्या घराचा करंट शेतीपंपाच्या लाईनवरून आलेला असतो. ती लाईन दिवसाचे किंवा रात्रीचे ठरलेले काही तासच मिळते, तीही पाळीपाळीने. म्हणजे पॅनलची बॅटरी रोज अर्धा दिवस राबते आणि उरलेल्या तासांत भरून होत नाही. इथे बॅटरी बदलून दोन-तीन महिन्यांपुरताच आराम मिळतो. अशा घरांना मी छोटं सोलर सुचवतो. ०.२ अँपिअरचं साधं पॅनल दिवसाला ४.८ एएच, म्हणजे जवळपास ५८ वॉट-तास खातं. उन्हाळ्यात २० वॉटची पाटी पुरते, पण आभाळाचे दिवस धरून ४० वॉटची घ्या आणि मध्ये चार्ज कंट्रोलर लावाच. सोलरची बॅटरी आणि पॅनलचा आतला चार्जर एकमेकांना परस्पर जोडू नका. कोणाची वायर कुठे जाईल हे जाणकाराकडूनच ठरवून घ्या.

अर्थिंगबद्दल थोडंसं. आपली काळी माती मे महिन्यात हातभर भेगाळते, आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थ नावापुरती उरते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. पॅनलच्या पॉइंटला सर्ज (व्होल्टेजचा अचानक येणारा झटका) रोखणारा सॉकेट लावा. तो चांगल्या अर्थिंगशिवाय अर्धंच काम करतो.

वायरलेस संच असेल तर

हल्ली ऑनलाइन मागवलेले सिमवाले संच घरोघरी आहेत. त्यांच्या आतली लिथियमची बॅटरी लहान असते, काही तासांपुरती, आणि उष्णतेने तीही फुगते. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंग बंद करून सेंटरवर द्या. दाराच्या सेन्सरमधले छोटे सेल वर्षातून एकदा सगळे एकदम बदला. संचाचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतला तर इथली बरीचशी कटकट संपते.

गावाला जाण्याआधी

आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी जायचं असो की लग्नाला, निघण्याच्या दोन दिवस आधी एकदा लाईट स्वतः घालवून बघा. शेजारच्यांना सांगा, अलार्म आर्म करा, बाहेर येऊन एमसीबी पाडा आणि दोन तास तसंच ठेवा. वाजला नाही तर एमसीबी चढवून आणखी दहा मिनिटं थांबा, कारण लाईट येतानाची परीक्षाही तेवढीच गरजेची. वाजला तर तुमच्याकडे दुरुस्तीला अजून दोन दिवस आहेत. एकच दिवस आधी केलं तर बॅटरी मिळते, पण नीट चार्ज होत नाही.

सायरन किती वेळ वाजावा हे पॅनलमध्ये ठरवता येतं, तीन ते पाच मिनिटं पुरे. रात्रभर वाजणाऱ्या भोंग्याकडे दुसऱ्या रात्री कोणी बघत नाही. शेजारच्या घरातल्या एका जाणत्या माणसाला वेगळा कोड करून द्या, तुमचा मुख्य कोड नको, आणि परत आल्यावर तो बदला. जवळच्या पोलीस ठाण्यातही घर बंद असल्याचं सांगून जा. पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: बॅटरी बसवल्याची तारीख, कोणता झोन कोणत्या दाराचा, एमसीबी कितवा, आणि बसवणाऱ्याचा फोन नंबर. कोड मात्र त्या कागदावर लिहू नका.